हस्तिदंती मुठीची फाइव्ह बॉल स्पॅड्रून: सहा वर्षं जवळ ठेवल्यावरचा रिव्ह्यू

मी ब्रिटनमध्ये राहतो आणि ही तलवार २०१९ मध्ये इथल्याच एका लिलावात घेतली. लिलावातली बोली ४२० पौंडांवर थांबली, त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन, म्हणजे एकूण पाचशेच्या वर गेली. घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिणार होतो पण बरं झालं नाही लिहिला, कारण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि मधल्या काळात कायदा बदलला, मुठीला पडलेल्या चिरेचं कारण कळलं, आणि विकणाऱ्याने काय काय सांगितलं नव्हतं तेही कळलं.

वस्तू काय आहे ते आधी. ब्रिटिश पायदळातल्या ऑफिसरची स्पॅड्रून, म्हणजे सरळ, हलकी, कापायलाही आणि भोसकायलाही चालावी अशी बनवलेली तलवार. १७८६ मध्ये पायदळाच्या ऑफिसरांचा भाला काढून घेतला आणि हुकूम निघाला की आता तलवार, पातं ३२ इंच लांब, मुळाशी १ इंच रुंद, आणि मुठीवरचं काम युनिफॉर्मच्या बटणांना मॅच होणारं, सोनेरी बटणं असतील तर सोनेरी, चांदीची असतील तर चांदीचं. एवढंच सांगितलं, मुठीचं डिझाइन सांगितलंच नाही, त्यामुळे ऑफिसर आपापल्या पैशाने, आपापल्या आवडीची करून घ्यायचे, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं डिझाइन हे पाच गोळ्यांचं. बोटांवरून येणाऱ्या कमानीवर मधोमध पाच छोटे गोळे एका रांगेत, मणी ओवल्यासारखे, आणि बाजूच्या कडीवर परत तसेच पाच. वर उशीसारखा चौकोनी मोगरा, म्हणजे मुठीच्या टोकावरचा धातूचा गोळा. मूठ हस्तिदंताची, उभ्या पन्हळी कोरलेली, आणि तिच्या मध्यावर सोनेरी पट्टा ज्यावर मुकुट आणि खाली जीआर, म्हणजे तिसऱ्या जॉर्जचं नाव. नौदलाच्या तलवारींवर इथे नांगर असतो, त्यामुळे पट्टा नीट बघायचा, अर्धा इतिहास तिथेच लिहिलेला असतो.

माझ्या पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, अगदी बारीक अक्षरात रंकेल सोलिंगेन असं कोरलंय. रंकेल हा लंडनमधला व्यापारी, जर्मनीतल्या सोलिंगेनहून पाती मागवायचा आणि इथे विकायचा. त्या वेळी बर्मिंगहॅमच्या कारागिरांचं आणि सोलिंगेनवाल्यांचं जोरात भांडण चालू होतं की कुणाचं पातं चांगलं, बर्मिंगहॅमच्या थॉमस गिलने तर जाहीर परीक्षा घ्या म्हणून सरकारकडे अर्ज केला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या ऑर्डरच्या वेळी पाती वाकवून, आपटून तपासली गेली. हे नाव लिलावाच्या वर्णनात नव्हतंच! घरी आणल्यावर भिंगातून बघताना सापडलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच.

हातात घेतल्यावर काय वाटतं, हे कुणी लिहीत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. म्यानाशिवाय वजन ६१० ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, आणि हातात तर त्याहून हलकी वाटते कारण तोल मुठीच्या बराच जवळ आहे. हस्तिदंत पहिल्या क्षणी गार लागतो, मग अर्ध्या मिनिटात हाताची ऊब धरतो आणि मग हातातून सोडवत नाही, प्लास्टिक असं करत नाही आणि हाडही इतकं करत नाही. पन्हळींच्या कडा दोनशे वर्षांत एका बाजूने झिजल्यात, अंगठा जिथे बसतो बरोबर तिथे, म्हणजे ही नुसती भिंतीवर नव्हती, कुणीतरी रोज कमरेला लावून मुठीवर हात ठेवून उभं राहायचं. माझाही अंगठा तिथेच जातो. लढाईचं हत्यार म्हणून मात्र मार्क कमी. पातं भोसकायला जरा लवचीक आणि कापायला हलकं, आणि बोटांना त्या कमानीशिवाय फारसं संरक्षण नाही. पुढे १७९६ मध्ये पायदळासाठी वेगळा पॅटर्न आला, दोन पाकळ्यांची परज, म्हणजे हात वाचवणारा मुठीपुढचा आडवा भाग, असलेला, तोही लोकांना आवडला नाही, तोफखान्यातल्या मर्सर नावाच्या ब्रिटिश ऑफिसरने तर पायदळाच्या जुन्या तलवारीला कापायलाही नाही आणि भोसकायलाही नाही अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. म्हणजे देखणेपणाला दहापैकी दहा, कामाला पाच.

पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग एकेकाळी निळा होता आणि त्यावर सोन्याची नक्षी. ही निळाई रंग लावून येत नाही, पोलाद तापवून त्याच्या पृष्ठभागावर आणलेली असते, त्यामुळे घासली की गेली आणि परत आणता येत नाही (आणतात काही लोक, पण ती नवी निळाई लांबून ओळखू येते, फार एकसारखी आणि फार भडक). माझ्यात पात्यावरच्या लांब खाचेच्या तळाशी तेवढी शिल्लक आहे, उन्हात धरली की मोरपिसासारखी दिसते.

आता नाराजी. पहिली म्हणजे मधल्या कुठल्यातरी मालकाने मुठीचं पितळ पितळपॉलिशने घासून घासून चकचकीत केलंय. या मुठी सोन्याच्या मुलाम्याच्या असतात हो! पॉलिशने मुलामा जातो आणि खाली साधं पितळ उरतं. गोळ्यांच्या मधल्या बेचक्यात, जिथे कापड पोहोचलं नाही, तिथे मूळ सोनं अजून आहे आणि ते बघून जास्तच वाईट वाटतं. वर्णनात लिहिलं होतं छान जपलेली. फोटो अशा लाइटमध्ये काढलेले की सगळंच सोनेरी दिसेल. दुसरी नाराजी चिरेची. मुठीवर एक उभी चीर आहे, विकणाऱ्याने वयोमानाने आलेली, स्थिर आहे असं सांगितलं. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो, आडवा जास्त फुगतो आणि आक्रसतो, म्हणून चिरा बहुतेक उभ्याच येतात, ते ठीक, पण माझ्या चिरेच्या कडेला तांबूस डाग होता आणि तो मला खटकत होता. शेवटी जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या एका बाईंना दाखवली, त्यांनी पाहताक्षणी सांगितलं की आतून जाणारी पात्याची शेपटी गंजलीय, गंज पोलादापेक्षा जास्त जागा घेतो, आणि तो आतून मूठ फोडतोय. म्हणजे वय नाही, ओल. कधीतरी कुणीतरी मूठ ओल्या फडक्याने पुसली असणार किंवा ओलसर खोलीत ठेवली असणार. त्या म्हणाल्या खोलीतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, चढउतार होऊ देऊ नका, खिडकीजवळ नको, हीटरजवळ नको, आणि चीर भरायच्या भानगडीत पडू नका. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी चीर मोजतो. ३१ मिलिमीटर होती, ३१ च आहे.

एक गोष्ट जी मलाही माहीत नव्हती: हस्तिदंत अंधारात ठेवला की जास्त पिवळा पडतो. मी पहिलं वर्षभर कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेली, जपतोय असं वाटून. आता काचेच्या कपाटात असते, थेट ऊन लागणार नाही पण उजेड मिळेल अशी. आणि पातं चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं आणि त्यातल्या आम्लाने पातं खराब होतं, म्यान शेजारी वेगळं. पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, वर्षातून एकदा, बस.

हस्तिदंतच आहे कशावरून, हे सगळ्यात जास्त विचारतात. पुस्तकात वाचलेलं असतं की एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली पाहिजे, आणि लोक मुठीच्या बाजूवर ती जाळी शोधत बसतात आणि नाही दिसली की खोटी ठरवतात. ती जाळी आडव्या छेदावरच दिसते, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, आणि नेमकी ती टोकं मोगऱ्याखाली आणि परजेखाली झाकलेली. बाजूवर फक्त मंद, लांबट, थोड्या लहरत जाणाऱ्या रेषा दिसतात. हाड असेल तर बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या त्या वाटा. भिंगातून पाच मिनिटं बघितलं तरी फरक कळतो. यूव्ही टॉर्चखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात, त्यामुळे टॉर्चने फक्त प्लास्टिक पकडता येतं, हाड नाही. आणि कृपा करून ती तापलेली सुई टोचायची टेस्ट कुणी करू नका, मी एका सुंदर मुठीवर तसं काळं भोक पाहिलंय आणि अजून विसरलो नाही.

आता कायदा, कारण हा रिव्ह्यू वाचून कुणी विकत घ्यायला निघालं तर हा भाग आधी वाचा. ब्रिटनचा आयव्हरी ॲक्ट २०१८ चा, लागू झाला ६ जून २०२२ पासून. हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री बंद, काही सवलती सोडून. सगळ्यांना माहीत असलेली सवलत म्हणजे ३ मार्च १९४७ च्या आधीची वस्तू आणि हस्तिदंत १० टक्क्यांपेक्षा कमी, मग २० पौंड भरून नोंदणी करा आणि विका. मला वाटलं तलवार म्हणजे सगळं पोलादच, मुठीपुरताच हस्तिदंत, आपण यात आरामात बसतो. नाही बसत! कायदा वजन मोजत नाही, घनफळ मोजतो. मी हिशोब केला. मूठ आतली शेपटी वगळून साधारण ४० घन सेंटिमीटर, म्हणजे हस्तिदंताचं वजन सत्तर-बहात्तर ग्रॅम. उरलेलं ५४० ग्रॅम पोलाद आणि पितळ, आणि धातू इतका जड की ते जेमतेम ६७ घन सेंटिमीटर भरतं. म्हणजे वजनात बारा टक्के आणि घनफळात पस्तीसच्या वर. अखंड हस्तिदंती मुठीच्या तलवारीला हा हिशोब जमणं अवघडच आहे, कारण पातं दिसतं लांब पण असतं पातळ. दुसरी सवलत १९१८ च्या आधीच्या अत्यंत उच्च दर्जाच्या वस्तूंना, त्याचा अर्ज २५० पौंडांचा, आणि माझी तलवार मला कितीही प्रिय असली तरी त्या दर्जाची नाही हे मला मान्य आहे. त्यामुळे मी ही बाजारात विकू शकत नाही. जवळ ठेवू शकतो, भेट देऊ शकतो, वारशात देऊ शकतो, त्याला काही नोंदणी लागत नाही. नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख पौंडांपर्यंत दंड. जानेवारी २०२५ पासून पाणघोडा, स्पर्म व्हेल, नार्व्हाल आणि किलर व्हेल यांचे दातही याच कायद्यात आलेत, त्यामुळे हा हस्तिदंत नाही, पाणघोड्याचा दात आहे, असं म्हणून कुणी विकत असेल तर तेही चालत नाही.

याबद्दल संग्राहकांमध्ये खूप चिडचिड आहे आणि पैसे अडकले म्हणून मलाही सुरुवातीला राग आला होता. पण मी कायद्याच्या बाजूने आहे. जुना म्हणून नवा हस्तिदंत विकला जातो, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मुठीसाठी जो हत्ती गेला तो दोनशे वर्षांपूर्वी गेला, ती मूठ मी फेकली तरी तो परत येणार नाही, पण माझ्या मुठीला बाजारात भाव राहिला तर आजच्या हत्तीच्या सुळ्यालाही राहतो. मला ही तलवार हवी आहे आणि तिला भाव नको आहे, हे दोन्ही मला खरंच वाटतं.

बाकीच्या हस्तिदंती तलवारी मी हाताळल्यात त्यांच्याशी थोडक्यात तुलना. नौदलाची १८०५ च्या पॅटर्नची, त्यात कमांडर आणि वरच्यांना हस्तिदंती मूठ आणि लेफ्टनंटला माशाच्या काळ्या कातड्याची, म्हणजे मुठीवरून हुद्दा कळतो, देखणी आहे पण हातात स्पॅड्रूनइतकी जिवंत नाही. १८३१ ची जनरल ऑफिसरची वाकडी, मामलुक घाटाची, म्हणजे इजिप्तच्या मामलुक सैनिकांच्या तलवारीसारखी, दोन बाजूंना हस्तिदंताच्या फळ्या आणि सोनेरी फुलांच्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या, ही अजूनही ब्रिटिश जनरल समारंभात लावतात, अर्थात आताच्या मुठी हस्तिदंताच्या नसतात. भारदस्त आहे. मला मात्र कमरेला लावलेली शोभेची वस्तू वाटली, तलवार वाटली नाही.

रेटिंग: वस्तूला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क त्या घासलेल्या मुलाम्याचा कापला. लिलावाच्या वर्णनाला दीड.

ज्यांना हे डिझाइन आवडलंय त्यांनी सरळ आबनुसाच्या मुठीची फाइव्ह बॉल शोधा. तीच तलवार, तेच गोळे, तोच पट्टा, त्याच काळातली, मूठ काळ्या लाकडाची, आणि विकत घ्यायला-विकायला या कायद्याची अडचण नाही. विकणाऱ्याकडून तीन फोटो मागून घ्या: पात्याची पाठ मुठीपाशी, परजेची खालची बाजू, आणि गोळ्यांच्या मधल्या बेचक्या. बेचक्यांत सोनं आणि गोळ्यांवरही सोनं दिसलं तर घ्यायला थांबू नका. माझी पुढे भाचीकडे जाणार आहे, तिला आत्तापासून मोजपट्टी धरायला शिकवतोय, मागच्या वेळची ३१ ची नोंद तिच्याच अक्षरात आहे.