नागीण झाली आहे : अ‍ॅसायक्लोव्हिर की व्हॅलासायक्लोव्हिर?

हा प्रश्न माझ्यापुढे दोनदा आला. पहिल्यांदा मलाच नागीण झाली होती. वय सत्तेचाळीस, डाव्या बरगडीखाली फोडांचा पट्टा. चार वर्षांनी आईला झाली, वय चौऱ्याहत्तर, पाठीपासून पोटापर्यंत. मी अ‍ॅसायक्लोव्हिर घेतलं होतं. आईच्या वेळी डॉक्टरांशी बोलून व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं. दोन माणसांच्या अनुभवाला चाचणी म्हणता येत नाही, पण डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले असतील, तर आमच्या घरात काय घडलं ते ऐकून ठेवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मला ती उशिरा कळली. रक्तात पोचल्यावर ही दोन औषधं वेगळी राहत नाहीत. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिरलाच व्हॅलीन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. आतडं ते सहज आत घेतं, आणि आतडं व यकृत मिळून व्हॅलीन सोडवून टाकतात. उरतं ते अ‍ॅसायक्लोव्हिर. पुढचं काम दोन्हींत एकच. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) या औषधाला जागं करतं. जागं झालेलं औषध विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत कडी म्हणून बसतं, पण पुढची कडी अडकवायला त्याच्यात जागाच नसते. साखळी तिथेच थांबते. निरोगी पेशीत ते विकर नसतं, म्हणून तिथे औषध जवळपास झोपूनच राहतं. या कल्पनेमागच्या संशोधनात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

मग फरक कुठे पडतो? पोटात. अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी गिळली, तर जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात पोचतो. व्हॅलासायक्लोव्हिरचा निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे ५४ टक्के. म्हणून मोठ्या माणसाला नागिणीसाठी अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं, व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम तीन वेळा. सात दिवसांच्या ३५ गोळ्या एकीकडे, २१ दुसरीकडे.

माझा कौल ठरवला तो त्या ‘पाच वेळा’ने.

कागदावर ते सोपं दिसतं : सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा. मी फोनवर पाच गजर लावले. पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारची गोळी साडेपाचला आठवली. मग सातची घ्यायची की पुढे ढकलायची, या घोळात रात्रीची राहिली. आजार असा की कपडा घासला तरी अंगाची आग होते, रात्री झोप लागत नाही, आणि साडेदहाला कसाबसा डोळा लागला की अकराला गजर. बायकोने दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा तिला माझी दया आली आणि तिने झोपू दिलं. सात दिवसांत माझे सहा डोस चुकले. मी वेळा पाळणारा माणूस आहे, औषधावर माझा विश्वास होता, तरीही. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण ठणका अडीच महिने राहिला. चुकलेल्या डोसांमुळेच राहिला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण ती रुखरुख अजून आहे.

आईच्या वेळी जेवणाच्या तीन वेळांना तीन डोस बांधून टाकले. जेवणाआधी घेतलं की नंतर, याने दोन्ही औषधांना फारसा फरक पडत नाही, त्यामुळे हे जमलं. एकही डोस चुकला नाही. १००० ची गोळी आकाराने मोठी, तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून डॉक्टरांनी ५०० च्या दोन दिल्या. तिची आग पाच आठवड्यांत थांबली, आणि या वयात ठणका जास्त रेंगाळतो हे लक्षात घेता मला ते फार मोठं वाटलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशीपुढच्या ११४१ रुग्णांच्या तुलनेतही कल याच बाजूला होता. फोड भरण्याचा वेग दोन्हींत सारखा, पण निम्म्या रुग्णांच्या वेदना थांबायला अ‍ॅसायक्लोव्हिरवर ५१ दिवस लागले आणि सात दिवसांच्या व्हॅलासायक्लोव्हिरवर ३८.

दुष्परिणामांवरून निवड करू नका. औषध एकच, म्हणून त्रासही जवळपास तेच. मला मळमळ झाली, आईचं दोन दिवस डोकं दुखलं. काळजी घ्यायची ती मूत्रपिंडाची. औषध लघवीवाटे बाहेर जातं, पाणी कमी पडलं तर त्याचे स्फटिक साचू शकतात. मूत्रपिंड कसं चाललंय हे सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आईची आधी केली, ती गुडघ्यांसाठी घेत असलेली वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी तेवढे दिवस बंद केली. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला भास होतात, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरच्यांना वाटतं वयाचा परिणाम आहे. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अ‍ॅसायक्लोव्हिरची बाजूही खरी आहे. ते स्वस्त आहे. गोळीमागचा फरक डोळ्यात भरतो, ३५ आणि २१ असा पूर्ण हिशेब केला की थोडा कमी होतो. लहान मुलांसाठी ते पातळ औषधात मिळतं. मेंदूपर्यंत संसर्ग गेला, तर शिरेतून द्यायला अ‍ॅसायक्लोव्हिरच लागतं, व्हॅलासायक्लोव्हिरचं इंजेक्शन नाही. घरात वेळेवर गोळी हातात देणारं कुणी असेल आणि खर्चाची ओढाताण असेल, तर ते घ्यायला मी कुणाला अडवणार नाही.

मात्र दोन्हींपैकी कुठलंही औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर खरं उपयोगी. आमच्या गावात अजून नागीण उतरवणाऱ्याकडे जातात, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो या भीतीने लेपांवर लेप चढतात, आणि त्यातच तीन दिवस संपतात. विषाणू कांजिण्यांचाच, वर्षानुवर्षं मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसलेला. पट्टा एका नसेच्या वाटेने जातो म्हणून तो बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहतो, त्याला तोंड-शेपूट नसतं. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर कुठली गोळी याचा विचार नंतर करा. आधी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.