ई-२० पेट्रोल: ऊसही माझा, टाकीही माझीच

गाडी २०१४ची, शंभर सीसी. आधी लिटरला ६० पडायचं, आता ई-२०वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ५६ला घुटमळतंय. शिवाय मेकॅनिकने रबरी पाइप बदलायला लावला, ते ३५० वेगळेच.

ॲव्हरेज पडणारच हो. लिटरमागे इथेनॉलात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के घट आलीच. मग भाव तरी तेवढा उतरवा की! तेल कंपन्या उसाच्या रसाचं इथेनॉल ६५.६१ रुपयांनी घेतात, वर जीएसटी आणि वाहतूक. पंपावर मात्र शंभरच्या पुढेच.

तरी मी शिव्या अर्ध्याच देतो, कारण शिरोळकडचा ऊसवाला आहे. टनभर उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. साखर गोदामात पडून राहते. इथेनॉलचे पैसे लवकर येतात, म्हणजे आमच्या उसाच्या बिलांनाही वाट मिळते. पण डिसेंबर २०२३ला सरकारने रसाच्या इथेनॉलवर बंधन आणलं, तेव्हा कारखान्यांनी घातलेल्या डिस्टिलऱ्यांचे हप्ते काही थांबले नव्हते.

पावसात टाकीचं झाकण नीट लावा, इथेनॉल पाणी ओढतं. पाचात तीन स्टार, त्यातला एक उसाखातर.