मस्टँग जीटीला एअर फिल्टर कोणता: कागदी, तेलाचा, कोरडा की उघडा कोन?

भारतात २०१६ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीचं ५.० लिटरचं व्ही८ इंजिन टर्बोशिवाय ४०१ पीएस देतं. ६,५०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की ते मिनिटाला साधारण साडेचौदा हजार लिटर हवा ओढतं, आणि ती सगळी बॉक्समध्ये बसणाऱ्या एका चपट्या पॅनेल फिल्टरमधून जाते. त्यामुळे हवेला कमी अडवणारा, बाजारातला 'मोकळा' फिल्टर घ्यावा का, हा प्रश्न मालकाच्या मनात येतोच. पण ताकद वाढेल या आशेवर निवड केली तर ती हमखास फसते. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी खरे प्रश्न दोन. फिल्टर धूळ किती अडवतो? आणि त्याच्या पुढे बसलेल्या, इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरला त्याचा त्रास होतो का?

ताकदीचा हिशेब आधी उरकू. टर्बो नसलेल्या इंजिनाला वातावरणाचा दाब मिळतो तेवढाच, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. फिल्टरमध्ये त्यातला एक किलोपास्कल गेला तर ताकद साधारण एक टक्क्याने घटते. नवा कागदी आणि नवा, तेल लावलेला कॉटनचा फिल्टर यांच्यात पूर्ण थ्रॉटलला अर्ध्या किलोपास्कलचा फरक धरला, तर हाती लागतात दोन पीएस. मुंबईची गाडी पुण्यात आणली की ५६० मीटर उंचीमुळे दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो आणि चोवीस-पंचवीस पीएस आपोआप कमी होतात. फिल्टरचा फरक यापुढे किरकोळ आहे. 'नवीन फिल्टरने गाडी मोकळी झाली' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा जुना कागदी फिल्टर चोंदलेला असतो. तिथे नवा कागदी टाकला असता तरी तसंच वाटलं असतं.

धूळ कोण अडवतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण टक्केवारी फसवी असते. समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा, पण इंजिनात जाणारी धूळ तिप्पट: शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमऐवजी तीन. त्यातही साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण घातक, कारण ते पिस्टनची रिंग, सिलिंडरची भिंत आणि बेअरिंग यांच्यामधल्या तेलाच्या थरात अडकून घासतात.

चांगला कागदी फिल्टर यात सगळ्यांत पुढे. त्याच्या धाग्यांमधली छिद्रं बारीक असतात आणि घड्याही भरपूर. के अँड एन किंवा इटलीच्या बीएमसीसारख्या तेलाच्या कॉटन फिल्टरची जाळी मोकळी असते. कण तिथे मुख्यतः तेलाला चिकटून अडकतात. तेल सुकलं, धुतलं गेलं किंवा एखाद्या घडीवर लागलंच नाही, तर तिथून बारीक धूळ सरळ आत जाते. एईएम ड्रायफ्लो किंवा एएफईचा प्रो ड्राय एस हे कोरडे, सिंथेटिक धाग्यांचे आणि धुता येणारे फिल्टर. यांना तेल लागत नाही, त्यामुळे धूळ अडवणं मालकाच्या हातावर अवलंबून राहत नाही. फोमचे फिल्टर धूळ भरपूर साठवतात, पण उष्णता आणि दमटपणात काही वर्षांनी फोम भुगा होऊ लागतो. तो भुगा इंजिनाकडेच जातो. कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांनी फोम घेऊ नये.

कुठल्याही कंपनीचे आकडे पाहताना चाचणी आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे झाली आहे का आणि धूळ बारीक वापरली की जाड, हे पाहा. जाड धुळीवरचा आकडा नेहमीच सुंदर दिसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. फिल्टर अगदी नवा किंवा नुकताच धुतलेला असतो तेव्हाच तो सगळ्यांत कमी धूळ अडवतो. वर धुळीचा पातळ थर बसला की पकड वाढते. म्हणून महिन्या-महिन्याला फिल्टर धुण्याची हौस इंजिनाला महाग पडते. सर्व्हिसिंगला कागदी फिल्टर काढून 'हवा मारून' परत बसवायची गॅरेजमधली पद्धत तर थांबवलीच पाहिजे. कंप्रेसरच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

मॅफ सेन्सरची बाजू

या गाडीत फिल्टर ओलांडला की लगेच मॅफ सेन्सर येतो. त्यातल्या तापलेल्या बारीक घटकाला हवा किती थंड करते, त्यावरून इंजिनाचा कॉम्प्युटर हवेचं वजन काढतो. तेलाच्या फिल्टरवर जास्त तेल मारलं की ते हवेबरोबर सुटून सेन्सरवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. मग सेन्सर हवा कमी मोजतो, पेट्रोल कमी पडतं आणि कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे भर घालत राहतो. ती भर मर्यादेबाहेर गेली की चेक इंजिनचा दिवा लागतो. पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन्ही कोड एकदम आले, म्हणजे व्ही८ च्या दोन्ही बाजू लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दाखवत असल्या, तर आधी मॅफ तपासा. साफ करायला फक्त मॅफ क्लीनर वापरा. दहा-पंधरा फवारे मारा, घटकाला बोट किंवा कापड लावू नका, पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनर चालत नाही.

तेलाचा फिल्टर बरोबर सांभाळला तर हे सहसा होत नाही, पण सांभाळणं नीट हवं. क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग गार पाण्याच्या हलक्या धारेने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. पेट्रोल, डिझेल, कपड्यांची पावडर, कंप्रेसर, हेअर ड्रायर यातलं काहीही नको. सावलीत पूर्ण वाळवा; पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, तेवढ्यासाठी जुना कागदी फिल्टर जवळ ठेवा. मग प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एकच फेरी. वीस मिनिटांनी फिकट राहिलेल्या जागी थोडं तेल द्या आणि रात्रभर ठेवून मग बसवा.

उघडा कोन

कोन म्हणजे मूळ बॉक्स काढून बसवलेला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. आवाज हवा असेल तर त्याच्यासारखं काही नाही, आणि व्ही८ चा तो आवाज खरोखर आवडण्यासारखा असतो. पण बॉनेटखालची गरम हवा आत गेली तर हिशेब उलटा होतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्के घटते, शिवाय कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद आणखी घटते. त्यामुळे बॉनेटशी घट्ट बसणारी उष्णतारोधक पेटी नसलेला किट घेऊच नका.

दुसरी अडचण नळीच्या मापाची. मॅफ बसतो तिथला व्यास फक्त ५ टक्क्यांनी वाढला तरी क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. सेन्सर तितकी हवा कमी मोजतो आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लीन होऊन नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिनाला हादरे बसण्याचा, धोका येतो. म्हणून मूळ मापाची मॅफ नळी असलेला किट घ्या, नाहीतर त्या किटसाठी केलेला ट्यून (कॉम्प्युटरमधले बदललेले आकडे) आधी ठरवा. खाली बंपरमागे कोन नेणारे किट जुलैत मुंबईत वापरू नका. साचलेल्या पाण्यातून एकदा पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांवर मर्यादा घालतं, त्यामुळे मूळ बॉक्समधला पॅनेल फिल्टर हाच कमी कटकटीचा मार्ग आहे.

कोणी काय घ्यावं

रोज किंवा दर शनिवार-रविवारी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कागदीच. धुळीच्या भागात १० ते १५ हजार किलोमीटरला तपासून बदला. मूळ पार्ट मिळायला वेळ लागतो म्हणून धुता येणारा हवा असेल तर कोरडा सिंथेटिक घ्या. तेलाच्या कॉटनपेक्षा आमची पसंती यालाच. तेलाचा फिल्टर ज्याला स्वतः बसून धुवायला आवडतं त्याने घ्यावा, गॅरेजच्या भरवशावर नाही. कोन फक्त ट्यून करून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला.

कोणताही घेतला तरी रबरी कड नीट बसते का ते पाहा, कारण कडेने सुटणारी हवा फिल्टर होतच नाही. विशेषतः नकली के अँड एन फिल्टरची कड कडक किंवा उंचीला कमी निघते. बसवताना बॉक्सच्या स्वच्छ बाजूला कडेलगत ग्रीसची पातळ रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर झाकण उघडा आणि फिल्टरपुढची नळी पांढऱ्या कापडाने पुसा. ग्रीसवर मातकट पट्टा किंवा कापडावर धूळ दिसली तर फिल्टर परत करा. कापड स्वच्छ असेल तर पुढच्या दोन ऑइल बदलांच्या वेळी जुन्या तेलाची लॅब तपासणी करा. धुळीतला सिलिकॉन आणि इंजिनाच्या झिजेचं लोखंड, दोन्हीचा आकडा चढत असेल तर धूळ आत जाते आहे. नुसता सिलिकॉन चढला असेल तर तो नुकत्याच लावलेल्या सीलंटमधूनही येऊ शकतो.