लातूरच्या उन्हाळ्यात अंगणातलं ठिबक आणि आच्छादन: वापरानंतरचा अनुभव

दसऱ्यानंतर अंगणातलं लॉन काढून ठिबक बसवलं. त्यावर हिवाळा, पूर्ण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढून झालाय, म्हणून आता लिहिते आहे. एप्रिल-मे गेल्याशिवाय लातुरात कुठल्याच बागेबद्दल खात्रीनं बोलता येत नाही.

आम्ही घर घेतलं तेव्हा समोर साधारण पाचशे चौरस फूट लॉन होतं, आधीच्या मालकांनी लावलेलं. असल्या गवताला ऐन उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे एवढ्याशा तुकड्याला दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एवढं पाणी गवतावर ओतायला माझं मन धजत नव्हतं. नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी क्षारांमुळं जड आहे, हे लातूरकरांना सांगायला नकोच.

सामानाबद्दल एक ठाम मत. ऑनलाइन मिळणारी बारीक नळ्यांची किट कुंड्यांसाठी ठीक आहेत, जमिनीतल्या झाडांसाठी शेतीच्या ठिबकच्या दुकानात जा. मी 16 मिलिमीटरची लॅटरल (झाडांजवळून जाणारी नळी), तासाला 4 लिटरचे उघडता येणारे ड्रीपर (नळीतून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या), एक फिल्टर, नळीला फाटा द्यायला टी, तुकडे जोडायला जॉइनर आणि नळीचं टोक बंद करायला एंड कॅप असं सुटं सामान आणलं. ते सगळं टायमरच्या, म्हणजे ठरल्या वेळी पाणी आपोआप सुरू-बंद करणाऱ्या यंत्राच्या, किमतीत बसलं, आणि एखादा तुकडा तुटला तर सायकलवर जाऊन आणता येतो.

टायमर मात्र बघून घ्या. माझी टाकी एकमजली घराच्या गच्चीवर, नळापासून पंधराएक फूट उंच. एवढ्या उंचीवरून चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोसुद्धा दाब मिळत नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकानं पडदा उघडणारे) बरेचसे टायमर इतक्या कमी दाबावर नीट उघडत-मिटत नाहीत. पहिला घेतलेला याच कारणानं परत केला. बॉल व्हॉल्व्हचा (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी सोडणारा) टायमर गच्चीवरच्या टाकीवर बिनतक्रार चालतो आणि सेल बरेच महिने टिकतात. कमी दाबामुळं 4 लिटरचा ड्रीपर माझ्याकडं तासाला अडीच-पावणेतीन लिटरच देतो. हे पेल्यानं मोजून ठेवलंय. तुम्हीही मोजा, नाहीतर झाडाला किती पाणी जातंय हे कधीच कळणार नाही.

ठिबक बसवलं म्हणजे काम झालं, असं दुकानात सांगतात. मला उलट दिसलं. माझं पाणी जितकं ठिबकनं वाचवलं त्याहून जास्त आच्छादनानं, म्हणजे मातीवर पसरलेल्या भुसा-पाचटाच्या थरानं, वाचवलं. आमची माती काळी, चिकण. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून इतक्या भेगा पडतात की हात आत जावा. भेगाळलेल्या जमिनीत पाणी सोडलं की ते मुळांजवळ न थांबता सरळ खाली जातं, आणि कडेच्या बारीक मुळ्या भेगांमध्येच तुटतात. नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची रास झाल्यावर भुसकट स्वस्तात मिळतं. ते तीन-चार इंच पसरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून उसाचं पाचट टाकलं आणि पाणी शिंपडून दाबलं. गेटजवळची एक पट्टी मुद्दाम उघडी ठेवली होती. मे महिन्यात तिथं बोटभर रुंद भेगा होत्या. पाचटाखालची माती सकाळी मुठीत घेतली तर गोळा होत होता. उघड्या पट्टीतल्या तगरीला एक दिवसाआड पाणी लागलं, आच्छादनाखालच्या तगरी तीन दिवसांनी एक तास पाण्यावर हिरव्या राहिल्या. चाळीस ड्रीपरना एका वेळी शंभर लिटरच्या थोडं वर जातं, त्यावरून हिशोब करा.

काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, त्यामुळं वाळूसारख्या हलक्या जमिनीसाठी सांगतात तितके ड्रीपर इथं लागत नाहीत. लहान झुडपाला एक पुरतो, तोही बुंध्यापासून निदान अर्धा फूट लांब. बुंध्याशी टेकवला तर साल कुजते. सीताफळ आणि प्राजक्त वाढले तसे त्यांचे ड्रीपर बाहेर सरकवत नेले. रोज दहा मिनिटांपेक्षा काही दिवसांनी एकदाच भरपूर पाणी द्या, मुळं खाली जातात.

आता त्रास. जड पाण्याचा पांढरा थर ड्रीपरच्या तोंडावर बसतो. फेब्रुवारीपर्यंत पाच-सहा ड्रीपर जवळजवळ बंद झाले होते. उघडून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले की मोकळे होतात, म्हणूनच उघडता येणारे घ्या म्हटलं. आठवड्याला फिल्टर धुणं आणि महिन्यातून एकदा एंड कॅप काढून नळी वाहू देणं, एवढं न करणाऱ्यानं ठिबक बसवू नये. उन्हाळ्यात खारींनी पाण्यासाठी नळी कुरतडली. नळी पाचटाखाली घेतली, झाडाखाली पाण्यानं भरलेला परळ ठेवला, तेव्हापासून कुरतडणं जवळपास थांबलं. आणि पाणी पहाटेच सोडा. दुपारी उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

पावसाळ्यात चित्र पालटतं, आणि याबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. मृगाचा पाऊस झाला की हेच आच्छादन शंखी गोगलगायींचं घर होतं. 2022 मध्ये लातूर, बीड आणि धाराशिवच्या सोयाबीनवर त्यांनी काय केलं ते शेतकऱ्यांना विचारा. माझ्याकडं त्यांनी अबोलीची कोवळी रोपं एका रात्रीत संपवली. पहिल्या पावसानंतर आच्छादन निम्मं काढून खड्ड्यात टाकायचं, त्याचं दिवाळीपर्यंत खत होतं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं झाडांजवळ अंथरायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आठवडाभर हे चिकाटीनं केलं तर फरक पडतो. भिंतीलगत दोन फूट आच्छादन कधीच टाकू नका, वाळवी घरात येते. वाफे अर्धा फूट उंच आणि उतार घरापासून बाहेर असू द्या, काळ्या मातीत पाणी तुंबलं की सीताफळसुद्धा पिवळं पडतं. टायमरला पाऊस कळत नाही, तो आपण बंद करायचा.

झाडांच्या बाबतीत नर्सरीचं फार ऐकलं नाही. आमच्या चुनखडीच्या मातीत एक्झोरा पिवळा पडतो, कितीही हिराकस (लोहाचा क्षार) घाला. कोनोकार्पसचं कुंपण सुचवलं होतं, झटपट हिरवं होतं म्हणून. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, मी तो नाकारला. त्याऐवजी कोरांटी आणि अडुळसा लावला. दोन्ही मेमध्येही तग धरून होते. कढीपत्ता, शेवगा, गवती चहा आणि मोगरा स्वयंपाकघराच्या बाजूला. कण्हेर पाण्याशिवाय राहते, पण सगळी विषारी, घरात लहान मूल असेल तर नको.

मुलांना खेळायला थोडं गवत हवंच होतं, तिथं हरळी राहू दिली. मेमध्ये ती पूर्ण तपकिरी झाली, सासूबाई म्हणाल्या, "अगं, गेली ही, काढून टाक." पहिल्या पावसानंतर आठवड्यात हिरवी झाली, आणि आता गणपतीच्या दूर्वा सासूबाईच तिथून खुडतात. पण ती वाफ्यांत घुसते. मध्ये वीतभर खोल फरशीचे तुकडे उभे गाडले आहेत, तरी दर महिन्याला कडा छाटाव्या लागतात.

ज्यांच्या घराला बोअर नाही आणि टाकी पाचशे लिटरची आहे, त्यांनी टायमरआधी मोठी टाकी घ्यावी; मध्येच टाकी रिकामी झाली तर त्या दिवशी शेवटच्या झाडांना काहीच मिळत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर लॅटरल जमिनीवरच ठेवा, गुंडाळून नेता येते. आणि एक टी, दोन जॉइनर आणि चार ड्रीपर नेहमी घरात असू द्या, रविवारी ठिबकची दुकानं बंद असतात.