हिप्परग्याचं धुकं, जस्ताच्या पत्र्यावर

सोलापूरच्या हिवाळ्याला बर्फ नाही. पौषात हिप्परगा तलावाच्या काठाला पहाटे तासभर धुकं धरतं, शाळू कणसात आलेला असतो आणि बांधावरच्या बाभळी तेवढ्या काळ्या उठून दिसतात. जुळे सोलापुरात काम करणाऱ्या एका मुद्राचित्रकार बाईंनी नेमका हा तास एचिंगमध्ये धरलाय, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावरच्या संरक्षक थरात चित्र कोरून, रेघा ॲसिडाने खोल करून, त्यांत शाई भरून कागदावर छापलाय. प्लेट २० × ३० सेंमी, कागद ३८ × ५०, प्रती फक्त ३०, फ्रेमशिवाय किंमत ४,८०० रुपये. प्रत्येक प्रतीबरोबर एक चिठ्ठी मिळते, तीत धातू, ॲसिडचं प्रमाण आणि वेळा लिहिलेल्या असतात. पैसे देऊन चित्र घेणाऱ्याला एवढी माहिती मिळायलाच हवी, पण ती सहसा कुणी देत नाही.

आधी रेघा बघा. नायट्रिक ॲसिड एक भाग, पाणी दहा भाग. पलीकडच्या काठाच्या रेघा ३ मिनिटांत बाहेर काढून वार्निशने झाकल्या, शाळूच्या ८ मिनिटांनी, आणि बाभळीची खोडं पूर्ण २० मिनिटं ॲसिडात ठेवली. जितका वेळ जास्त तितकी रेघ खोल, तितकी ती शाई जास्त धरते. म्हणून जवळचं झाड काळंभोर आणि लांबचा काठ जेमतेम दिसेल एवढाच. हा लांब-जवळचा फरक हाताच्या जोराने आलेला नाही, घड्याळाने आणलाय. जस्तावर बुडबुडे फार धरतात. ते पिसाने सतत सारत राहिलं नाही तर रेघ तुटक खाल्ली जाते. इथे एकही खोड तुटलेलं नाही.

पण चित्राचा जीव धुक्यात आहे. पांढरी शाई कुठेही वापरलेली नाही, आणि ते शहाणपणाचंच, कारण जस्तावर फिकट शाई मळकट हिरवट पडते. धुकं म्हणजे उघडा कागद. त्याच्या कडेला राळेच्या पुडीचा बारीक ॲक्वाटिंट, म्हणजे दाण्यांमधून ॲसिड खाऊन आलेली राखाडी छटा आहे. ही पूड पत्र्याखालून तापवून चिकटवताना मोठी कसोटी लागते. उष्णता कमी पडली तर दाणे ॲसिडात सुटतात आणि राखाडी डाग पडतात. जास्त झाली तर सगळे दाणे वितळून एकच पापुद्रा होतो, ॲसिड आतच शिरत नाही आणि तिथे कोरा ठिपका उमटतो. आणि जिथे धुकं पाण्यात मिसळतं तिथे कड दिसू नये म्हणून ॲसिड ब्रशने थेट पत्र्यावर फिरवलंय. भिंग धरून पाहिलं तरी तिथे रेघ सापडत नाही.

उरलेलं काम पुसण्याचं. शाई भरून झाली की खळ दिलेल्या जाळीदार कापडाने प्लेट पुसतात. खळ कडक राहिली तर पत्र्यावर ओरखडे, पुरती निघून गेली तर मऊ झालेलं कापड रेघेत शिरून शाईच उपसतं. खळ म्हणजे काय हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, आणि या बाईंचा हात त्यात पक्का बसलाय. आकाशात शाईचा अगदी पातळ थर मुद्दाम ठेवलाय, डच चित्रकार रेम्ब्राँ आपल्या छापांत ठेवायचा तसा. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत. ५ क्रमांकाच्या प्रतीत पहाट अजून अंधारी आहे, ११ मध्ये उजाडलंय. शक्य असेल तर चार-पाच प्रती शेजारी ठेवून निवडा.

छपाई फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की ग्राउंड (पत्र्यावरचा तो संरक्षक थर) बोटाला चिकटतो, ॲसिड झपाट्याने खातं आणि तासभर भिजवलेला, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद प्रेसवर ठेवेपर्यंत कडांनी सुकतो. सुकलेला कागद बारीक रेघेतली शाई उचलत नाही.

दोष आहेत. उजव्या खालच्या कोपऱ्यात ग्राउंड सुटून ॲसिडाने खड्डे पाडलेत. ते ढेकळांत खपून जातात, छानच दिसतात. पण मोठ्या बाभळीच्या वर आकाशात तीन ठिपके आहेत, ते घासून काढायला हवे होते. शिवाय बारीक ॲक्वाटिंट जस्तावर लवकर झिजतो. २५ च्या पुढच्या प्रतींत पाणी फिकं पडलंय. किंमत मात्र सगळ्यांची एकच, हे पटत नाही. एक गोष्ट मनापासून आवडली: एचिंग छापल्यावर उलटं येतं हे धरून चित्र पत्र्यावर उलटं काढलंय, त्यामुळे बांध खऱ्या जागी ज्या बाजूला उतरतो त्याच बाजूला इथेही उतरतो.

स्टुडिओतूनच फ्रेम करून देतात (२,००० रुपये जास्त), ती घेऊ नका. काच थेट कागदाला टेकते, पाठीला हार्डबोर्ड आणि चिकटपट्टी. दोन-तीन पावसाळ्यांत कागद पिवळा पडेल. आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा कापलेला पुठ्ठा) घ्या, काच आणि कागदात ४ मिमी जागा सोडा, चित्र वरच्या दोन कोपऱ्यांना गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या पट्ट्या लावून टांगा. माउंट प्लेटच्या खुणेच्या बाहेर कापायला सांगा. ही दबलेली चौकट म्हणजेच खऱ्या एचिंगची ओळख: बोट फिरवलं की खाच लागते, तिरप्या उजेडात काळ्या रेघा कागदावर उचललेल्या दिसतात, आणि भिंगाखाली यंत्रछपाईचे रंगीत ठिपके नसतात.

कुरिअरने मागवणार असाल तर नळीत गुंडाळून पाठवू नका म्हणून आधीच सांगा. गुंडाळीत ही खाच सपाट होते. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून मिळतं, त्याचे १५० रुपये वेगळे. सध्या १२ ते १९ मधल्या काही प्रती शिल्लक आहेत, आणि पाणी त्यांतच सर्वांत चांगलं उतरलंय.