गायनॅक्स बुडाली, 'इव्हँगेलियन' मात्र बघाच

'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' या जपानी ॲनिमेशन मालिकेचे 26 भाग ओटीटीवर आहेत. डबिंगच्या नादी लागू नका, जपानी आवाज ठेवा. मालिका 1995-96 ची, पण हातानं रंगवलेल्या सेल्सचा (पारदर्शक शीटवरच्या चित्रांचा) तो दाट रंग अजून डोळ्यांत भरतो. 22व्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळपास मिनिटभर काही हलत नाही, फक्त घरघर. मी एडिटिंगवर पोट भरतो. फ्रेम एवढी ताणली तर क्लायंट मला दारात उभं करणार नाही! 24व्या भागात तर स्थिर चित्रावर बेथोव्हेन. शेवटचे दोन भाग मला पटले नाहीत. नुसती स्केचेस आणि स्वगतं.

ही मालिका करणारी गायनॅक्स ही ॲनिमेशन कंपनी 1984 साली हौशी पोरांनी काढली. इव्हँगेलियननं पैसा आणला आणि 1999 मध्ये अध्यक्षच करचुकवेगिरीत अडकले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी 2006 मध्ये 'खारा' ही स्वतःची कंपनी काढली, 2011 मध्ये हिरोयुकी इमाइशी आणि मंडळींनी 'ट्रिगर'. चित्रं काढणारे हात गेले, पाटी राहिली. थकलेल्या पैशांसाठी आन्नोंच्या खारालाच गायनॅक्सविरुद्ध कोर्टात जावं लागलं; 2017 मध्ये गायनॅक्सनं 10 कोटी येन द्यायचा निकाल लागला. मे 2024 मध्ये गायनॅक्सचा दिवाळखोरीचा अर्ज.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या शेवटाचा कापला. तो गिळवला नाही तर 1997 चा 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' हा सिनेमा लावा. फक्त जेवताना नको.