डिपस्टिकमधून ऑइल ओढणारा हातपंप: आधी फिल्टर कुठे आहे ते बघा, मग घ्या

सहा लिटरची प्लॅस्टिकची टाकी, वर हवा ओढणारी मूठ आणि सोबत दोन-तीन जाडीच्या लवचिक नळ्या. ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी मिळणारा ऑइल एक्स्ट्रॅक्टर थोड्याफार फरकाने असाच असतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढायची, तिच्या जागी नळी चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या, तळाला टेकेपर्यंत सोडायची, पंधरा-वीस वेळा मूठ मारायची आणि थांबायचं. जुनं ऑइल आपसूक टाकीत येतं. गाडी उचलायला नको आणि ड्रेन बोल्टचे (चेंबरच्या तळाशी ऑइल सोडायचा बोल्ट) आटे जायची भीती नाही.

पंप म्हणून काम चोख आहे. तरीही पेट्रोलवरच्या स्विफ्ट, वॅगनआर किंवा आय-टेनसाठी तो घेऊ नये. कारण या गाड्यांचा गोल डब्यासारखा फिल्टर इंजिनला खालच्या बाजूला बसतो आणि तो काढायला गाडीखाली जावंच लागतं. एकदा खाली गेलात की ड्रेन बोल्ट तिथेच हाताशी असतो आणि ऑइल स्वतःच्या वजनाने पडतं. फक्त ऑइल ओढून फिल्टर जुनाच ठेवणं हा तर तोट्याचाच व्यवहार.

उलट मर्सिडीजची बरीच इंजिनं किंवा फोक्सवॅगन-स्कोडाची टीडीआय डिझेल असेल, तर हा पंप पैसे वसूल करून देतो. तिथे कागदी फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला झाकणाच्या कप्प्यात बसलेला असतो. टीडीआयचं झाकण 32 मिमीच्या सॉकेटने उघडतं, नवीन ओ-रिंगला (झाकणाची रबरी कडी) ऑइल लावून 25 न्यूटन-मीटरला आवळलं की झालं. खालचं संरक्षक आवरण आणि त्याचे डझनभर स्क्रू यांना हातही लावावा लागत नाही. या गाड्यांवर खरी वेळखाऊ गोष्ट ते आवरणच असतं.

पंप नीट चालत नाही अशी तक्रार बहुतेकदा थंड ऑइलची असते. 5डब्ल्यू-30 ग्रेडच्या ऑइलची श्यानता (घट्टपणा) 100 अंशांना 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स असते, 40 अंशांना ती पाच-सहा पट होते, आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी त्याहून कितीतरी जास्त. पंप कितीही दणकट असला तरी निर्वातातून मिळणारा जोर हवेच्या नेहमीच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून इंजिन सात-आठ मिनिटं चालवा, बंद करा, वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरायला दहा मिनिटं द्या आणि मग ओढा. फार तापवूही नका, टाकीवर लिहिलेली तापमानाची मर्यादा बघा. मऊ पडलेली नळी आतल्या आत चपटी होते.

दुसरी गोष्ट नळीची जाडी. प्रवाह आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे 4 मिमीऐवजी 5 मिमीची नळी आत जात असेल तर ऑइल जवळपास अडीच पट वेगाने येतं. डिपस्टिकच्या वाटेतून जाईल ती सगळ्यात जाड नळी वापरा, पण रेटू नका. खोक्यात गुंडाळून आलेल्या नळीचं टोक वर वळलेलं असतं आणि ते चेंबरच्या तळाऐवजी भिंतीला जाऊन टेकतं. गरम पाण्यात ठेवून ती सरळ करून घ्या. टोक तिरपं कापा, म्हणजे तळाला चिकटून बंद पडणार नाही. गुडगुड आवाज आला की ऑइल संपलं असं धरू नका. नळी सेंटिमीटरभर वरखाली करून, थोडी फिरवून पुन्हा ओढा. सांध्यातून हवा शिरत असली तरी तोच आवाज येतो.

टाकीवरच्या रेघांवर विसंबू नका, काढलेलं ऑइल तोला. इंजिन ऑइलची घनता लिटरला साधारण 0.86 किलो असते. म्हणजे चार लिटर यायला हवं असेल तर वजन 3.4 किलोच्या आसपास भरलं पाहिजे. बरंच कमी भरलं तर तळाशी ऑइल राहिलंय, किंवा आधीच पातळी कमी होती. म्हणून ओढण्याआधी डिपस्टिकवरची पातळी बघून ठेवा. काही इंजिनांत नळी आतल्या पत्र्याला अडते आणि तळापर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या वेळी एकदा ड्रेन बोल्ट उघडून किती उरलं ते मोजावं, पुढच्या वेळचा प्रश्न कायमचा सुटतो. चेंबरमध्ये चिकट गाळ साठलेल्या इंजिनला मात्र पंप लावूच नये, ते खालूनच रिकामं करावं.

इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या डिझेलला साडेसात लिटरच्या आसपास ऑइल लागतं, तिथे सहा लिटरची टाकी अर्ध्यात रिकामी करावी लागेल. टाकी काठोकाठ भरू दिली की ऑइल पंपाच्या आत शिरतं. आणि याने पेट्रोल कधीही ओढू नये, वाफ पेटण्याचा धोका खरा आहे.

स्विफ्टवाल्यांनी तेच पैसे गाडी वर चढवायचे दणकट रॅम्प, फिल्टरच्या मापाचा कप-पाना आणि ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच यांवर घालावेत. स्विफ्टच्या के-12 पेट्रोल इंजिनचा ड्रेन बोल्ट नवीन वायसर घालून 35 न्यूटन-मीटरला आवळायचा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा, कारण दोन रबरं एकावर एक आली की इंजिन सुरू होताच ऑइल भसाभसा बाहेर येतं. नवीन फिल्टर रबर टेकल्यावर पाऊण फेरा, बस. ऑइल फिल्टरसकट 3.1 लिटर लागतं. आधी 2.8 ओता, मिनिटभर इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघत उरलेलं घाला.

पंपाचा एक फायदा सगळ्यांनाच आहे: जुनं ऑइल बंद टाकीतच राहतं, सांडत नाही. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, तेव्हा गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी न ओतता रिकाम्या ऑइलच्या कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं ऑइल घ्यायला ते नकार देतात.